तेरा महिने दोन दिवस

पालकहो, शाळेतून निरोप आला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पोरानं काय केलं?" आज कुणी काही केलेलं नाही. मी 32 वर्षं आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांमधून इतिहास शिकवला आणि आता घरी बसलोय. घरी बसलेल्या मास्तराला बोलायला माणसं लागतात, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे एका मुलीनं विचारलेला प्रश्न.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. 17 सप्टेंबरचं झेंडावंदन झालं, भाषणं झाली, मुलं खाऊ घेऊन पांगली. आठवीतली एक मुलगी वही छातीशी धरून थांबली होती. म्हणाली, "सर, 15 ऑगस्टला आपण स्वतंत्र झालो ना? मग 17 सप्टेंबरला परत कशाला झालो? मी मोजलंय, मधी 13 महिने 2 दिवस होतात. तवर आपण कोण होतो?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो." 17 सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण 'आपण कोण होतो' याला माझ्यापाशी लगेच उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तिचे वडील दारात हजर. सोयाबीनवरची फवारणी अर्धी टाकून आलेले, हाताला औषधाचा वास. "सर, पोरगी लय फाटे फोडायलीय. घरी आज्याला बी सोडंना. पुस्तकात हाय ते पाठ कर म्हणावं तिला. पेपरात असं काही लिहून आली तर मार्क कोण देईल?"

मला त्यांचा राग आला नाही. ज्याला पोरीला शिकवून शहाणं करायचंय, त्याला मार्कांची काळजी असणारच. त्या दिवशी घंटा झाली आणि आमचं बोलणं अर्धंच राहिलं. उरलेलं आज तुम्हा सगळ्यांपुढे बोलतो.

आधी पोरीचा हिशेब. तो चोख आहे. दिल्लीत तिरंगा चढला त्या दिवशी हिंगोली, वसमत, कळमनुरी हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. आपला वेगळा जिल्हा 1 मे 1999 चा. तेव्हा आपण परभणीत. संस्थान केवढं, तर 16 जिल्हे आणि दीड कोटीच्या वर माणसं. रयत बोलायची तेलुगू, मराठी, कन्नड, आणि कारभार चालायचा उर्दूत. सातवा निजाम मीर उस्मान अली खान भारतात यायला तयार नव्हता. तिरंगा लावणं हा गुन्हा होता. 1938 साली स्टेट काँग्रेस निघायची होती, तिच्यावर स्थापनेआधीच बंदी आली होती. त्या चळवळीचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात आमच्याच जातीचे, म्हणजे मास्तर. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला त्यांनी शाळा चालवली होती. 29 नोव्हेंबर 1947 ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. करार कागदावर राहिला आणि गावोगाव रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचा, सुळसुळाट झाला. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. अखेर 13 सप्टेंबर 1948 ला भारताची फौज चारी बाजूंनी आत शिरली आणि 17 ला निजामानं हार मानली.

म्हणजे तेवढे 13 महिने 2 दिवस आपण निजामाची रयत होतो. त्याआधी सव्वादोनशे वर्षं होतोच. आपली म्हातारी माणसं त्या राज्याला 'मोगलाई' म्हणतात आणि पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडाला 'इंग्रजी'. "तिकडं इंग्रजीत दिली तिला," असं एखादी म्हातारी अजून म्हणते, तेव्हा ती पुसदची नाहीतर वाशिमची सोयरीक सांगत असते. आपल्या आज्यांच्या तोंडी दोन राज्यांची हद्द अजून शाबूत आहे आणि आपण लेकरांना सांगतो, भारत 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, एक मार्क.

पुस्तक खोटं बोलतं असं मला म्हणायचं नाही. मी ज्या पुस्तकातून शिकवलं त्यात, आठवीला, संस्थानांच्या विलीनीकरणाच्या ओघात हैदराबादचा लढा येतो. येतो आणि जातो. सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत एकच पुस्तक वाचायचं म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येणार. पण सिंधुदुर्गच्या मुलाला जो परिच्छेद आहे, ते आपल्या लेकराच्या पणज्याचं तरुणपण आहे. त्याला तो परिच्छेद अपुरा वाटला तर चूक लेकराची नाही.

मार्कांचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचं लक्ष लागेल. पेपरात पुस्तकातलं उत्तर लिहायचं. ते लिहून प्रश्न विचारता येतात. दोन्हींत भांडण नाही. उलट सातवीच्या इतिहासाचा पहिलाच पाठ 'इतिहासाची साधने' हा होता. भौतिक, लिखित, मौखिक. आणि साधन हाती आलं की ते पारखून घ्यायचं, असं त्यात सांगितलेलं. दहावीला तर सुरुवातीचे दोन पाठ इतिहास लिहिण्याच्या परंपरांवर, पाश्चात्त्य आणि भारतीय. इतिहास माणसं लिहितात, आणि निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या नजरेनं लिहितात, हे मंडळानंच शिकवायला सांगितलं होतं. आम्ही मास्तरांनी त्याच्या रिकाम्या जागा भरून घेतल्या आणि तुम्ही त्या पाठ करून घेतल्या. फाटे फोडणारी ती पोरगी तेवढी अभ्यासक्रमाप्रमाणे चालली होती.

तिनं पुढे आणखी विचारलं. "सर, फौज आत शिरली त्याला पोलीस कारवाई म्हणतात, पण चित्रात तर रणगाडे आहेत." बघा आता. फौज घेऊन आलेले मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्कराचे, मोहिमेचं लष्करी नाव ऑपरेशन पोलो, आणि आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'पुलीस ॲक्शन'. का? कारण निजामानं ऑगस्ट 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. लढाई म्हटलं की दोन देश आले. पोलीस म्हटलं की घरातली बाब. नाव देताना असा विचार झालेला असतो. 17 सप्टेंबरच्या त्याच दिवसाला आज कुणी मुक्ती म्हणतं, कुणी विलीनीकरण, तेलंगणात कुणी एकात्मता म्हणतं, आणि काही उर्दू घरांत त्याला 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचा पाडाव म्हणतात. तारीख तीच. निजामानं रेडिओवरून 17 ला जाहीर केलं. त्याचा सेनापती एल एद्रूस यानं चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली ती 18 ला. म्हणजे तारखेलाही फाटा आहे.

"मग निजामाला काय शिक्षा झाली?" हा दुसऱ्या एका पोराचा प्रश्न. काहीच नाही. 26 जानेवारी 1950 पासून तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, तो थेट 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत. रझवी मात्र तुरुंगात गेला, 1957 ला सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. सिनेमात असं होत नाही ना.

छापलेलं सगळं खरं असतं, हा आपला फार जुना भाबडेपणा. आपल्या जिल्ह्याची माहिती सांगणाऱ्या मजकुरात एक वाक्य वर्षानुवर्षं उतरवलं जातंय की हिंगोलीनं दोन मोठी युद्धं पाहिली, 1803 मध्ये टिपू सुलतान आणि मराठ्यांचं, 1857 मध्ये नागपूरकर आणि भोसल्यांचं. स्पर्धा परीक्षेची पोरं ते पाठ करतात. मी एकदा सातवीच्या वर्गात ते फळ्यावर लिहिलं आणि म्हणालो, बघा काही खटकतंय का. मागच्या बाकावरचा एकजण, ज्याचा माझ्या लेखी इतिहासाशी काही संबंध नव्हता, तो उठला. "सर, टिपू तर 1799 ला मेला. मेलेला लढायला कसा आला?"

वर्ग हसला, पण पोरगं बरोबर होतं. श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू गेला तो मे 1799 मध्ये. 1803 ची लढाई इंग्रजांची होती, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांशी. 23 सप्टेंबरला असईला, जे आज जालना जिल्ह्यात आहे, आणि 29 नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावला. निजाम त्या वेळी इंग्रजांच्या बाजूला. दुसऱ्या वाक्याची तर आणखी गंमत. नागपूरकर म्हणजेच भोसले. ते स्वतःशीच लढले म्हणायचं की काय? आणि त्यांचं राज्य इंग्रजांनी 1854 लाच खालसा केलं होतं. एवढी चूक ओळखायला संशोधक लागला नाही. मागचं बाक पुरलं.

मग मी पोरांना म्हणालो, लढाया सोडा, तुम्ही राहता कुठं ते सांगा. कुणी म्हणे पलटणात, कुणी रिसाल्यात, कुणी तोफखान्यात, एकजण पेन्शनपुऱ्यात. हिंगोलीत लहानाची मोठी झालेली पोरं ही नावं रोज उच्चारतात आणि ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. ही छावणी होती. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज, खर्च निजामाचा आणि साहेब इंग्रज. त्या फौजेचं देणं तुंबलं म्हणून 1853 च्या तहानं निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. आपल्या आज्या वाशिमला 'इंग्रजी' म्हणतात त्याचं मूळ इथं आहे. पायदळाची ती पलटण, घोडदळाचा तो रिसाला, आणि निवृत्त शिपाई राहायचे तो पेन्शनपुरा. पत्त्याची पाटी वाचली तरी हे सगळं हाती लागतं.

आता जरा अवघड बोलतो.

शाळेच्या पुस्तकावर शंका घेतलेली आपल्याला आवडते. आपल्यावर अन्याय झाला, आपला लढा दाबला, असं म्हणताना छाती फुगते. पण तेच लेकरू घरच्या गोष्टीवर शंका घेऊ लागलं की आपण म्हणतो, "मोठ्यांना उलटून बोलू नको." तिथं माझं तुमच्याशी भांडण आहे.

आमच्याच घरचं सांगतो. आमच्याकडे सांगत की आजोबा, म्हणजे तात्या, रझाकारांशी लढले. मी लहानपणापासून ऐकत आलो, वर्गातही सांगत आलो, थोडं मीठमसाला लावून. माझी थोरली आत्या त्या वेळी 9 वर्षांची होती. तिच्या म्हातारपणी एकदा मी सहज विचारलं, "तात्या कुठं लढले गं नेमके?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लढाया कुठला जातो? रातच्याला गाडी जुंपली आन् आम्हाला पैनगंगेच्या पल्याड नेलं, मावशीकडं. कणगीतली ज्वारी तशीच ऱ्हायली. दोन म्हशी सोडून दिल्या, त्या काय परत घावल्या न्हाईत."

मी दोन दिवस घुम्यासारखा बसलो. मग हळूहळू वाटू लागलं की बायकापोरांना अंधारात नदीपार नेणारा माणूस मला उगीचच कमी वाटायला लागला होता. लढणारे खरोखर लढले. वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते बहिर्जी शिंदे याच लढ्यात गेले. सरहद्दीवरच्या तळांवरून धाडी घालणाऱ्यांनी 30 जानेवारी 1948 ला, दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्याच्या कामी लावला. पण प्रत्येक घरातला आजोबा त्या तळावर नव्हता. बहुतेक घरं भ्यायली, पळाली, लपली, कुणी रझाकारांना पैसे देऊन जीव वाचवला. पुढे सगळेच लढवय्ये झाले. आपल्या मुलानं हे विचारलं तर दुखतं. दुखू द्या.

आणि एक माझी चूक. ती कबूल केल्याशिवाय मला तुम्हाला काही सांगायचा अधिकार नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आठवीच्याच वर्गात मी मुक्तिसंग्राम शिकवत होतो. आवाज चढलेला, हातवारे चाललेले. एका मुसलमान मुलानं हात वर केला. म्हणाला, "सर, दादी सांगते, पुलीस ॲक्शनच्या नंतर आमच्या गावात लोकांना मारलं. तिचे दोन भाऊ गेले. ते कोणत्या पानावर आहे?" मी म्हणालो, "ते अभ्यासक्रमात नाही. बस खाली." तो बसला. वर्षभर परत त्यानं हात वर केला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला सुंदरलाल समितीविषयी वाचायला मिळालं. 1948 संपता संपता पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना भारत सरकारनं संस्थानात पाहणीला पाठवलं होतं. त्यांच्या अहवालात पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज किमान 27 ते 40 हजारांचा आहे. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपल्या शेजारच्या नांदेडला. शेजाऱ्याला जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. तो कित्येक दशकं फडताळात राहिला. लोकांसमोर आला तो 2013 च्या सुमारास. म्हणजे त्या पोराच्या दादीला जे माहीत होतं, ते छापील कागदाला माझ्यापर्यंत पोहोचायला 60 वर्षांहून जास्त लागली. मी त्याला खाली बसवलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं मी म्हणालो नाही. अभ्यासक्रमात नाही, असं म्हणालो. या दोन्हींत फार अंतर आहे.

कुणी म्हणेल, सर, रझाकारांनी काय कमी केलं? नाहीच केलं. गावं जाळली, लुटली, माणसं मारली. 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान यानं भारतात सामील व्हा असं लिहिलं म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्याला भर रस्त्यात मारलं, हात तोडला. तो मुसलमान होता आणि मारणारेही मुसलमान. हे सांगायचंच आहे, आवाज चढवून सांगायचं आहे. पण सप्टेंबरच्या आधीचं मोठ्यानं आणि नंतरचं मुक्यानं, असं केलं तर वर्गातलं एक लेकरू बाकावर बसून आपल्या दादीला खोटं ठरवत राहतं. ते मला पुन्हा नको.

दोन्ही बाजूंचं एकत्र सांगता येतं. जर्मनी आणि फ्रान्स बघा, तीन पिढ्यांत तीन मोठ्या लढाया खेळलेले देश. 2003 साली बर्लिनला दोन्हीकडची शाळकरी पोरं जमली आणि म्हणाली, आम्हाला इतिहासाचं एकच पुस्तक द्या, दोन्हीकडे तेच. 2006 मध्ये त्या पुस्तकाचा पहिला भाग आला. पोरांनी मागितलं म्हणून आलं, एवढंच तुमच्या कानावर घालतो.

इतकं लांब कशाला जा. नरहर कुरुंदकर आपल्याच मातीतले. आडनावातच वसमत तालुक्यातला कुरुंदा. 1932 चा जन्म, म्हणजे पोलीस कारवाईच्या वेळी 16 वर्षांचे. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून छापलेलं त्यांचं लांबलचक पत्र तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. महाराजांवर ज्याचं प्रेम आहे त्यानंच साधनांची झाडाझडती घ्यायची असते, हे मला त्या पत्रानं शिकवलं. हैदराबादच्या प्रश्नावरही ते कुणाला बरं वाटावं म्हणून बोलले नाहीत. कुरुंद्याच्या पोरांना आज विचारा कुरुंदकर कोण. मी विचारून पाहिलंय, म्हणून सांगतो.

नर्सीच्या लोकांनी रागावू नये, पण तिथलंही बोलून घेतो. नामदेव महाराजांचा जन्म आपल्या नर्सीचा, ही आपली श्रद्धा आणि अभिमान. काही अभ्यासक पंढरपूर म्हणतात, काही कऱ्हाडकडचं नरसिंगपूर म्हणतात. एका सहलीत एका मुलानं तिथंच, देवळाच्या आवारात हे विचारलं आणि सोबतचे एक पालक त्याच्यावर धावून गेले. ज्यांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, जे पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांना एका पोराच्या शंकेनं काय होणार होतं? धक्का बसला तो त्या पालकांना. मुलानं निदान कुठली कुठली मतं आहेत हे शोधून तरी आणलं होतं.

आणि मोबाईलवर येतं ना, 'तुमच्यापासून लपवलेला खरा इतिहास', त्यालाही हीच कसोटी लावा. कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, त्यानं पाहिलं होतं की ऐकलं होतं, आणि त्याला त्यातून काय मिळणार आहे. पुस्तकाला चार प्रश्न विचारणारा बाप तो मेसेज मात्र डोळे झाकून तीन ग्रुपवर पाठवतो. लेकरू हे बघत असतं बरं का.

तुम्ही म्हणाल, आम्ही शिकलेले नाही, आमच्याकडे कुठली साधनं? अहो, गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींसाठी निम्म्या जिल्ह्यानं माळे उपसले. निजामकाळातले उर्दू कागद, मोडीतले कागद, पेटीच्या तळाची खासरा पाहणी पत्रकं बाहेर आली. उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना मान आला, मोडी वाचणाऱ्याचा भाव वधारला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की जुनं कशाला उकरता. दाखल्यासाठी काढलेला तोच कागद एकदा लेकरासमोर पसरा. त्यावर फसली सन असेल, तो इसवीत कसा आणायचा हे त्याला शोधू द्या. हाली सिक्का आणि कलदार रुपया यांतला फरक आजीला विचारू द्या. तिला तो नक्की ठाऊक असतो, कारण पलीकडं बाजाराला जाताना बट्टा तिच्याच घरानं मोजलेला असतो.

ती आठवीतली मुलगी. तिला मी शेवटी उत्तर दिलं नाही, काम दिलं. म्हणालो, घरात त्या काळचं कोण आहे? तिची पणजी होती, नव्वदीला टेकलेली. मी सांगितलं, दोनच रकाने आख. एकात पणजीनं डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात तिनं ऐकलेलं. मध्ये बोलू नको, तिला दुरुस्त करू नको, तारीख विचारू नको. तारखा म्हाताऱ्या माणसांना छळतात. सण विचार, पीक विचार.

आठ दिवसांनी वही आली. ऐकलेल्याचा रकाना भरून वाहत होता, त्यात रझाकार होते, रझवी होता, कुठल्या कुठल्या गावची जळलेली घरं होती. पाहिलेल्याच्या रकान्यात साडेतीन ओळी. महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या. ज्वारी निसवायला आली होती. वरून इमान गेलं आणि आम्ही गोठ्यात शिरलो. चौथी ओळ अर्धीच होती, "मग बाप म्हणाला, आता".

आम्ही दोघांनी पडताळून पाहिलं. 1948 साली भाद्रपद सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला होता. म्हणजे 13 तारखेला महालक्ष्म्या उठून एक-दोन दिवसच झाले असणार. पणजीनं आयुष्यात एकही सनावळी पाठ केली नव्हती आणि तिची तारीख बरोबर निघाली. पोरीनं मला विचारलं, "सर, हे पण साधनच ना?" मी म्हणालो, "मौखिक." तिनं समासात लिहून घेतलं.

त्या वेळी तिचे वडील माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी वही हातात घेतली, अर्ध्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आता, काय? पुढं काय म्हणाला?" पोरगी म्हणाली, पणजीला झोप लागली. ते म्हणाले, "मग आज रातच्याला परत विचार. मी बी बसतो."

1948 ला जे 10 वर्षांचं होतं ते माणूस आज पंच्याऐंशी ओलांडून गेलंय. माझी आत्या गेली. तिच्या दोन म्हशींची मी नावंसुद्धा विचारली नव्हती. तुमच्या घरात असं कुणी असेल तर पुढच्या 17 सप्टेंबरची वाट पाहू नका. या रविवारी लेकराला वही घेऊन त्यांच्यापाशी बसवा, आणि टीव्ही बंद करून तुम्हीही बसा.